पाल्यानं नाई उतरलं, भाऊ

शालिकभाऊ, तुझ्या छातीच्या फासळ्या माझ्या हातानं मोडल्या. एक नाई, दोन-तीन तरी. वाळलेली काडी मोडते तसा आवाज आला अन् माझ्या तळहाताखाली काईतरी आत दबलं. मी थांबली नाई. नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, फासळी मोडली तरी थांबायचं नाई, दाबत राहायचं. मी दाबत राहिली. अर्जुनाच्या झाडाखाली तू चित पडून होता, हाताजवळ कोयता, बाजूले तोडलेल्या फांद्या. अन् पार्बता वहिनी माझे केस धरून मले मागं ओढून राहिली होती. "वेणू, नको मारू त्यायले! पडलेल्या माणसाले काहून मारून राहिली?"

तिले काय माहीत ते औषध होतं म्हणून. तिनं आपल्या दोघायले लग्न होऊन आल्यापासून भांडतानीच पाहिलं. भाऊ पडून आहे अन् बहीण त्याच्या छातीवर बसून गुद्दे घालून राहिली, हे पाहून तिले वाटलं, झालं, यायचं मागचं भांडण अजून संपलं नाई.

तुमसरहून दवाखान्याची गाडी आली तोपर्यंत माझ्या दंडात गोळे आले होते. डॉक्टरनं तुझ्या डोळ्यात बॅटरी मारली, मंग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात झटकून टाकला अन् परत दाबायले लागली. दोघायनं धरून मले बाजूले केलं. त्यातल्या एकाच्या हाताले मी चावली. मंग त्याची माफी मागितली, पण चावली हे खरं आहे.

तुझी तेरवी होऊन आता दोन दिवस झाले. शाळेचे मास्तर म्हणत होते, सिस्टरबाई, शालिकभाऊवर काई लिहा, चार लोकायत वाचू. मी म्हटलं, लिहीन, पण ते वाचण्यासारखं नसन. मनमिळाऊ होता, शांत होता, असं तुझ्याबद्दल लिहिलं तर तू वरून गोटा फेकून मारशीन मले. अन् शुद्ध भाषेत लिहिलं तर "काय मॅडम" म्हणून दात काढशीन. म्हणून जशी तुझ्याशी भांडते तशीच लिहून राहिली.

भांडण म्हणजे आपलं तोंडाचं भांडण नव्हतंच कधी. मी सात वर्षांची असतानी तू मले बोडीच्या पाण्यात फेकलं, पोहणं शिकवतो म्हणून. मी बाहेर निघाली अन् तुझ्या कानाचा लचका तोडला. मायनं दोघायले एकाच काडीनं झोडपलं. तू गुलेलनं माझ्या बांगड्या फोडायचा, मी तुझ्या ताटात माती टाकायची. गावातले म्हणायचे, यायच्या घरी भाऊ-बहीण नाई, दोन सांड आहेत. बापानं तर सांगूनच टाकलं होतं, रक्त निघल्याबिगर माझ्याकडं न्याव मागायले येऊ नका.

पण माझ्या सासरी माझ्यावर हात उठला तेव्हा मी कोणाले सांगितलं नाई, तुलेही नाई. तुले कसं समजलं ते मले आजही माहीत नाई. तू आला, अंगणात माझ्या नवऱ्याची कॉलर धरली अन् बैलगाडीच्या जुवाची लाकडी शिवळ काढून त्याच्या पाठीवर अशी हाणली का तो चुलीजवळ जाऊन पडला. सासू बोंबलून राहिली होती. तू मले म्हटलं, "वेणे, पेटी भर." अन् वाटेत अख्ख्या रस्त्यानं मलेच शिव्या दिल्या, का मी तुले अगोदर काहून नाई सांगितलं. "माझ्या बहिणीले मारायचा हक्क फक्त माझा आहे," असंही म्हटलं तू. मी त्या दिवशी रडली, हसली, तुले चापटही मारली. नर्सिंगले तूच टाकलं. बाप नाई म्हणत होता. तू म्हटलं, रेशमाच्या कोश्याचं एक पीक तिच्या नावानं घेतो, पाहू कोण अडवते. आज मी आपल्याच गावच्या उपकेंद्रात सिस्टर आहे ती तुझ्या त्या पिकानं. हे मी तुले कधी म्हटलं नाई. म्हटलं असतं तर तू काईतरी फेकून मारलं असतं.

कोश्याचं काम पाहून बाहेरच्या माणसाले वाटते, काय नाजूक धंदा आहे, रेशमाचा. एक पीक तुझ्यासंग राखून पाहा म्हणा. आंबागडच्या पहाडाखाली आपले येन अन् अर्जुनाचे झाडं, त्यायच्या पाल्यावर हिरव्या अळ्या सोडलेल्या, अन् खाली तू, दिवसभर गुलेल ताणून. कावळा आला का मारला. खार आली का मारली. मेलेला कावळा फांदीले उलटा टांगून ठेवायचा, बाकीच्यायले अक्कल यावी म्हणून. मुंगळ्यायच्या रांगा पायानं रगडायचा, गांधीलमाश्यायचं पोळं जाळायचा. अळी तळहातावर घेऊन मात्र तिच्याशी असा बोलायचा का माझ्याशी तसा जन्मात बोलला नाई. "खा माय, खा," म्हणायचा. अन् पाला संपला का ती फांदी कोयत्यानं उतरवून, अळ्यायसकट, दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायचा, एकही न पाडता.

अन् नेम. पीक झाडावर आहे तोपर्यंत पाळणाऱ्यानं मासोळी खायची नाई, मटण-अंडं नाई, तेलाची फोडणी नाई, दाढी-केस नाई, बाजेवर झोपायचं नाई. सव्वा-दीड महिना नुसता भात, पातळ वरण अन् शिजवलेली भाजी. बापानं पाळला, त्याच्या बापानं पाळला. बाकीचे आता कुठं पाळतात! तू मात्र नेम मोडला तर अळी झाडावरच मरते, असं छातीठोक सांगायचा. मासोळीवर जीव टाकणारा तू, तलावावर जाळं पडलं का पहिल्या टोपलीजवळ उभा असणारा तू, पण नेमात वहिनीनं शेजारच्या घरून सुकटीचा वास आला म्हटलं तरी तिकडचं दार लावून घ्यायचा.

मागच्या उन्हाळ्यात उपकेंद्रात तपासणीचं शिबिर लागलं. तुले मी हाताले धरून आणलं, म्हणजे खरंतर मनगट पिरगळून आणलं. कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघलं. थोडंथोडकं नाई, डॉक्टरनं चष्मा काढून तुझ्याकडं पाहिलं एवढं. रोजची एक गोळी लिहून दिली. तू आठ दिवस खाल्ली, मंग म्हटलं, पोटऱ्या दुखतात. डॉक्टरले सांगू, ते गोळी बदलून देतील, असं मी म्हटलं. तू अख्खी पट्टी कोंबड्यायच्या खुराड्यात फेकून आला.

अन् मंग तुझं ते शास्त्र सुरू झालं. "वेणे, कोश्याची अळी जन्मभर अर्जुनाचा पाला खाते. तिले कधी हार्ट अटॅक आला का?"

मी म्हटलं, "भैताडा, तिचा जन्म महिन्याचा असते."

"पण त्या महिन्यात ती रेशीम बनवते. ज्या पाल्यानं रेशीम बनते, त्यानं माणसाचं रक्त साफ नाई होणार?"

जुने लोक छातीसाठी अर्जुनाची साल उकळायचे, हे तूही जाणत होता, मीही. मी म्हटलं, घ्यायचंच असन तर निदान साल घे, अन् गोळीसोबत घे, डॉक्टरले विचारून घे. तर तू माझ्यावरच धावून आला. "ज्या झाडानं तुले शिकवलं त्याचं कातडं सोलू? तुझं सोलतो अगोदर!" मंग पालाच. सकाळी कोवळा पाला तोडायचा, उखळात कुटायचा, चुलीवरच्या गंजात उकळून अर्धा करायचा, फडक्यानं पिळून काळा-हिरवा अर्क मडक्यात भरायचा. तुझ्या मुसळाचे ठोके माझ्या घरापर्यंत ऐकू यायचे. मी मुद्दाम येऊन उखळात पाणी ओतून जायची. तू मुसळ घेऊन माझ्यामागं गल्लीभर धावायचा. मी सत्तेचाळीसची, तू पंचावन्नचा. लोक ओट्यावर बसून पाहायचे.

आता इथून पुढचं सांगते.

दिवाळीच्या अगोदर तुझं पीक उतरलं. चांगलं उतरलं. कोसे तोडून झाले अन् दुसऱ्या दिवशी नेम सोडायच्या अगोदर, सकाळी उपाशी पोटी, मी तुझं रक्त काढलं. नळी तुमसरच्या लॅबमध्ये दिली. संध्याकाळी रिपोर्ट आला. कोलेस्ट्रॉल उतरलं होतं. चांगलं उतरलं होतं.

मी तो कागद घेऊन धावतच आली. मी, सिस्टर! डोकं वापरायचं सोडून अंगणातूनच ओरडली, "भाऊ, उतरलं! अरे उतरलं तुझं!" तू कोसे निवडत होता. तू उठला, मले उचललं अन् गोल फिरवलं, अन् माझं डोकसं खांबाले आदळलं. टेंगूळ आलं. दोघंही हसून राहिलो होतो. "सांग आता," तू म्हटलं, "सांग गावाले, पाल्यानं उतरलं का नाई?" अन् मी म्हटलं, "उतरलं बाबा, तू जिंकला."

भाऊ, मी तेव्हा एकच गोष्ट विचारायले पाहिजे होती. दीड महिन्यात तू काय-काय खाल्लं अन् काय नाई? एवढाच प्रश्न. मी रोज लोकायले विचारते हा. तुले विचारला नाई. मले आनंद झाला होता. तू आता मरणार नाई, असं वाटलं मले.

मंग तर काय! "सिस्टरनं रिपोर्ट पाहून सांगितलं," म्हणून तुझा पाला गावभर झाला. तू फुकट द्यायचा, तुले त्यात दमडीचीही हाव नव्हती, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगीन. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे अन् तू भरून द्यायचा. डोमा मामानं रक्तदाबाचीही गोळी सोडली. सायत्रा काकू, जी नागपूरले जाऊन छातीच्या नसेत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकून आली होती, तिनं अख्खी औषधाची पिशवी चुलीत टाकली. मले समजलं तेव्हा मी तिच्याशी भांडली. ती म्हणाली, "तूच तर म्हटलं होतं, उतरलं." मी तिथूनच तुझ्या घरी आली. मी तुझ्यावर ओरडली अन् तू हसला. त्या सगळ्यात कोणी पाहिलं नाई का दिवाळीपासून तू मासोळीवर कसा तुटून पडला होता. नेमाचा सगळा वचपा काढून राहिला होता. तळलेली मासोळी, रस्सा, सकाळी उरलेलं संध्याकाळी. वरून पेलाभर पाला.

संक्रांतीनंतर मी जबरदस्तीनं परत रक्त काढलं. तुमसरहून रिपोर्ट घेऊन मी एसटीत बसली, कागद उघडला, अन् कोलेस्ट्रॉलचा आकडा पाहिला. पहिल्यापेक्षाही जास्त. अन् तिथं, खिडकीजवळच्या सीटवर, मले समजलं. तुझं पाल्यानं नव्हतंच उतरलं. नेमानं उतरलं होतं. दीड महिना तेल नाई, मटण नाई, मासोळी नाई, दिवसभर जंगलात पायपीट. त्या पाल्यात काई गुण असनही, नसनही, आपल्या गंजातलं कोणी तपासलं नाई. पण मी रक्त काढलं ते नेमाचं होतं, अन् श्रेय दिलं पाल्याले. चूक माझी होती. अख्खी माझी.

एसटीतून उतरून तुझ्या घरापर्यंत यायले दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी ठरवलं का हे तुले सांगायचं नाई. सांगितलं असतं तर तू जन्मभर चिडवलं असतं, "शिकलेली सिस्टर, नेम विसरली!" गावानं म्हटलं असतं. डॉक्टरनं विचारलं असतं. म्हणून मी दारातूनच सुरू झाली, पाला वाईट, पाला खोटा, तू अडाणी, गोळी घे. तू म्हटलं, "तुझी मशीन खराब आहे." मी म्हटलं, "तुझं डोकसं खराब आहे." मी मडकं उचलून अंगणात आपटलं. तू माझ्या कानाखाली दिली. माझा ओठ फाटला. मी उखळातलं मुसळ उचललं अन् तुझ्या मांडीवर हाणलं, पुऱ्या ताकदीनं. तू बसला खाली. वहिनी मधात आली तर तिलेही माझा धक्का लागला. तू मांडी धरून म्हटलं, "पाला नाई सोडणार. जा, तुझ्या गोळ्या तूच खा."

अन् मी म्हटलं, "मंग मर!"

हे आपलं शेवटचं बोलणं.

भाऊ, मी दहा दिवस तुझ्याकडं आली नाई. तू लंगडून राहिला, असं ऐकलं अन् मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू! मले बरं वाटलं. अन् अकराव्या दिवशी तू त्याच लंगड्या पायानं पाला तोडायले झाडाजवळ गेला. तिथं तू पडला म्हणून एक पोरगं मले बोलवायले आलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घण घालून राहिली आहे. गोळी तुले पटत नव्हती. डॉक्टर पटत नव्हता. मी तर कधीच पटली नाई. पण नेम पटला असता! मी दारात येऊन एवढंच म्हटलं असतं, "भाऊ, माझं चुकलं. पाल्यानं नाई, तुझ्या नेमानं उतरलं," तर तू उड्या मारल्या असत्या. बापजाद्यायच्या नेमात एवढी ताकद आहे, हे तूच गावभर सांगत फिरला असता. बारा महिने नेम पाळला असता तू, हेकोडपणानं पाळला असता. मंग त्याच्या जोडीले गोळीही मी तुझ्या घशात कोंबली असती, नाक दाबून. तुले वाचवायची गोष्ट तुझ्याच घरात होती अन् ती मले माहीत होती. मी ती तोंडात दाबून धरली अन् मुसळ उचललं.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्या अन् डोमा मामा वहिनीले म्हणाले, "पार्बता, अर्क आता तूच बनवशीन ना?"

वहिनी म्हणाली, "बनवीन. यायचं काम मी बंद नाई पडू देणार." तिनं त्या सकाळीच पाला उकळून ठेवला होता. तीन मडके. लोक बाटल्या घेऊनच जेवायले आले होते, भाऊ. मी म्हटलं, "अरे, जो हा पीत होता तोच छाती धरून मेला, तरी तुमी पिऊन राहिले?" तर डोमा मामा म्हणाले, "त्याची वेळ भरली होती बाई. त्यात पाल्याचा काय दोष? तूच रिपोर्ट आणला होता ना?" सायत्रा काकूनं मान हलवली. ती बोलतानी दमून राहिली होती, मले दिसत होतं. तिनं आपली बाटली वहिनीपुढं केली.

मी मुसळ घेतलं अन् पहिलं मडकं फोडलं. बायका किंचाळल्या. दुसरं फोडलं. वहिनीचा भाऊ मले धरायले आला, त्याच्या पोटात कोपर मारलं. तिसरं फोडलं. काळं पाणी सगळ्यायच्या पायावर उडालं, वहिनीच्या नव्या पांढऱ्या लुगड्यावर उडालं. अंगणात लहान-मोठे सगळे उभे राहिले. एक जण ओरडला, "भावाच्या तेरवीले असं करते! काय बाई आहे का डाकीण?"

"डाकीण म्हणा," मी म्हटलं. "पण ऐकून घ्या. त्याचं पाल्यानं नाई उतरलं. रक्त मी नेमात काढलं होतं. दीड महिना त्यानं तेल-मासोळी खाल्ली नव्हती. त्यानं उतरलं. मी ते पाहिलं नाई अन् तुमाले पाला सांगितला. चूक माझी आहे. शालिकभाऊची नाई. त्यानं माझ्यावर भरोसा ठेवला."

अंगणात फक्त ते पाणी वाहून राहिलं होतं. मंग वहिनीनं विचारलं, हळू आवाजात, "तुले हे कधी समजलं?"

मले खोटं बोलता आलं असतं. काल समजलं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "त्याच दिवशी. तुमसरहून येतानी."

"भांडणाच्या अगोदर?"

"अगोदर."

ती आली अन् तिनं मले हाणलं. तुझ्या बायकोचा हात एवढा जड आहे, मले माहीत नव्हतं. एक, दोन, पाच, मी मोजणं सोडलं. कानात शिटी फुंकल्यासारखं वाजून राहिलं होतं. मी मुसळ खाली टाकलं अन् उभी राहिली. तिचा हात दुखायले लागला तेव्हा तिनं पदरानं तोंड दाबलं अन् आत गेली. लोक एकेक करून निघून गेले. बाटल्या रिकाम्याच घेऊन गेले, हे मी पाहिलं.

काल सकाळी उपकेंद्र उघडलं तर बाहेर नऊ जण बसून होते, उपाशी पोटी. सायत्रा काकूनं बाही वर केली अन् म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं पाहून नाई आली. माझ्या छल्ल्यासाठी आली." मी म्हटलं, बरं केलं काकू. तिचा दाब पाहून मी तिले तिथूनच गाडीत घालून तुमसरले रवाना केलं. डोमा मामानं रक्त देतानी डोळे मिटून घेतले अन् मले एक शिवी दिली. मी ती घेतली.

सगळे गेल्यावर वहिनी आली. नऊ जणायत नव्हती ती, कुठं आडोशाले उभी असन. खुर्चीवर बसली. माझ्या सुजलेल्या गालाकडं तिनं पाहिलं नाई.

"एक सांग," ती म्हणाली. "तू त्यायले नेमाचं सांगितलं असतं, तर मासोळी सोडली असती यायनं?"

"सोडली असती."

"बारा महिने?"

तुले मी ओळखते, भाऊ. तिलेही तू माहीत होता. तिले उत्तर माहीत होतं, तरी तिनं विचारलं.

"बारा महिने," मी म्हटलं.

"मंग तूच मारलं त्यायले, वेणू."

"हो, वहिनी."

मंग तिनं बांगड्या नसलेला हात टेबलावर ठेवला, मूठ आवळली अन् म्हणाली, "काढ माझं रक्त. अन् मीही दिवाळीपासून माझी दाबाची गोळी सोडली होती, तेही लिहून घे."